एकच गंभीर गाणं

आमच्या रिव्ह्यूत, म्हणजे बेटावर दर उन्हाळ्यात होणाऱ्या नकला-गाण्यांच्या खेळात, एकच गंभीर गाणं असतं. बाकी सगळा दंगा. मंत्र्यांच्या नकला, नगराध्यक्षाची टिंगल, आणि वर्षभरात बेटावर ज्यानं ज्यानं मूर्खपणा केला त्याची नाव न घेता पण सगळ्यांना कळेल अशी खिल्ली. सगळा संच मिळून करतो त्या शेवटच्या धमालीच्या आधी मात्र दिवे मंद होतात, एक बाई एकटी पुढं येते आणि असं काही गाते की बिअरचे ग्लास खाली ठेवले जातात. ते गाणं कोणाला मिळणार यावरून मी या धंद्यात मैत्र्या तुटलेल्या पाहिल्यात. तीस वर्षं पियानो वाजवतेय मी तिथं. माझ्यासमोर कोणी शहाणपणा करायचा नाही.

त्या वर्षी ते गाणं विबेकेला मिळालं आणि गावात कुजबुज सुरू झाली.

विबेके कोण, हे पुरुषांना सांगावं लागत नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी ती पेपरच्या नवव्या पानावर आली होती, अंगावर एक धागा नाही, आणि खाली नाव छापलेलं 'व्हिक्की'. मग मासिकं, मग जर्मनीत जाऊन सात-आठ वर्षं ते सिनेमे. लपवायचं काय त्यात, तिनंही कधी लपवलं नाही. तिशी उलटल्यावर परत आली, साठवलेल्या पैशांतून अभिनय शिकली, गाणं शिकली, नाचगाण्याच्या बँडबरोबर लग्नांमध्ये गायली. टीव्हीवर चार कामं मिळाली. चारही वेळा बारमधली बाई. पाचव्या वेळी तिनं विचारलं, नर्सचं काम नाही का एखादं, तर पलीकडचा माणूस फोनवरच हसला म्हणे. मेल्याला मी भेटायला हवी होते.

आमच्या दिग्दर्शकानं, टोर्किल्डनं, तिला घेतलं ते तिकिटं खपतील म्हणून. त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं हे मी लिहून देते. पण पहिल्या तालमीत तिनं तोंड उघडलं आणि त्यानं ते गंभीर गाणं तिलाच देऊन टाकलं. खालच्या पट्टीत गाताना तिचा आवाज असा काही लागायचा की मी दोनदा चुकीच्या सुरावर बोट ठेवलं. मी चुकत नाही.

ते गाणं आमच्या हॉल्गर मास्तरानं लिहिलं होतं. एका म्हाताऱ्याची बायको गेलीय. दोरीवरची चादर वाळलीय आणि आता एकट्यानं घडी घालायची आहे. एक टोक हनुवटीखाली धरतो, दुसरं हातात, आणि चादर जमिनीवर लोळते. बस, एवढंच. त्यात रडणं नाही, देव नाही. तीन कडवी. विबेकेनं ते वाचलं आणि म्हणाली, हे माझ्या बाबांचं गाणं आहे.

तिचा बाप, आक्सेल, समुद्रापलीकडे फाबोर्ग शहराजवळच्या एका खेड्यात चर्चच्या दफनभूमीची राखण करायचा. चाळीस वर्षं गावातल्या लोकांसाठी खड्डे खणले, शेवटी स्वतःच्या बायकोसाठीही खणला. विबेकेला गायला त्यानंच शिकवलेलं, चर्चमध्ये स्वतःच्या शेजारी उभं करून. ती पेपरात आली त्या आठवड्यात कोणी तरी ते पान दफनभूमीतल्या अवजारांच्या खोलीच्या दारावर ठोकलं. आक्सेलनं ते काढलं, घरी जाऊन चुलीत घातलं आणि त्यावर एक शब्द बोलला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. लेकीला घराबाहेर काढलं नाही, रागावला नाही. ती यायची, दोघं बटाटे सोलायची, हवेबद्दल बोलायची. आई गेली तेव्हाही दोघं हवेबद्दलच बोलली. वीस वर्षं हे असंच. तिच्या एकाही कार्यक्रमाला तो आला नव्हता आणि तिनंही कधी बोलावलं नव्हतं.

या गाण्यासाठी तिनं बोलावलं. फोनवर सांगितलं, बाबा, एक गाणं आहे, जरा दुःखी आहे, पण तुम्ही ऐकावं असं मला वाटतं. तो म्हणाला, बघू. त्याच्या गावच्या पेन्शनरांच्या मंडळाची सहल ऑगस्टमधल्या शेवटच्या रविवारी आमच्या दुपारच्या खेळाला येणारच होती. आठवड्यानं त्यानं कळवलं की बसमध्ये आपलंही नाव घातलंय. विबेके मला सांगायला धावत आली. त्याला हे गाणं ऐकवायचं, दुसरं काही नको, म्हणाली. बोलून जमत नाही ना, गाऊन सांगते.

आता दुसऱ्या गाण्याकडं येते.

आमच्यात एक रीत आहे, आणि ती आमच्या रक्तातच आहे. लोक आपल्याला हसणार असं दिसलं की आपणच आधी हसून घ्यायचं. नाक मोठं असेल तर नाकावर आपणच विनोद करायचा. दिवाळं निघालं तर आपल्या दिवाळ्यावर पार्टीत आपणच भाषण ठोकायचं. एकदा हसून झालं की विषय संपतो, माणूस पुन्हा माणसांत येतो. जो असं करत नाही तो स्वतःला फार समजतो, आणि स्वतःला फार समजणाऱ्याला आमच्याकडं जागा नाही.

तालमींच्या दिवसांत विबेके सामानाच्या दुकानात खिळे घ्यायला जरी गेली तरी पुरुष एकमेकांना कोपरानं ढोसायचे. ती म्हणाली, हे लोक गंभीर गाणं ऐकतील कसं? मी हनुवटीखाली चादर धरीन आणि यांना भलतंच आठवेल. त्यापेक्षा एक विनोदी गाणं करूया, व्हिक्कीवरच. सगळं बोलून टाकते. पोटभर हसू दे एकदा, मग शेवटी शांत बसून ऐकतील. टोर्किल्डला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. हॉल्गरनं एका संध्याकाळी लिहून दिलं, मी चाल लावली. इथल्या कोणालाही विचारलं असतं तरी त्यानं हाच सल्ला दिला असता.

"पान उलटा हो, पान उलटा,
नऊ नंबरला मी होते!
आज अंगभर कपडे माझ्या,
तरी बघा गर्दी होते!"

असं ते धृपद. ती गळ्यापर्यंत बटणं लावलेला पावसाळी कोट घालून यायची, पायांत रबरी बूट, आणि प्रत्येक कडव्याला एक बटण काढायची. आत दुसरा कोट. त्याच्या आत तिसरा. लोक खुर्चीवरून पडायचे हसून. आणि खरं सांगते, तिची युक्ती चालली. पहिल्या खेळापासून शेवटचं गाणं सुरू झालं की हॉलमध्ये पानही हलायचं नाही. एकदा तर त्या सामानाच्या दुकानाचा मालक डोळे पुसताना मी पाहिला. महिनाभर असंच चाललं. विबेके खूश होती आणि ऑगस्टमधल्या त्या रविवारची वाट बघत होती.

त्या रविवारी वारा सुटला. फेरीबोट उशिरा आली, बसगाड्या उशिरा उतरल्या, आणि पेन्शनर मंडळी एकदा कॉफी आणि थरांच्या केकवर बसली की त्यांना उठवणं देवाच्या बापाला जमत नाही. परतीच्या फेरीवर दोन्ही बसगाड्यांची जागा राखलेली. ती फेरी गेली की रविवारी बस नेणारी दुसरी नाही. मध्यंतरात टोर्किल्ड घामाघूम होऊन आत आला. म्हणाला, सगळं बसतंय, एकही प्रवेश कापत नाही, पण आज वन्स मोअर कोणालाही मिळणार नाही. कोणी पुन्हा स्टेजवर गेलं तर चादरीचं गाणं कापावं लागेल, कारण सगळ्या संचाची शेवटची धमाल तर कापता येत नाही. हे त्यानं विबेकेकडं बघून सांगितलं. ती म्हणाली, मला काय सांगतोस, आज मी वन्स मोअर देईन होय?

पडद्याच्या फटीतून तिनं मला आक्सेल दाखवला. पाचवी रांग, कडेची खुर्ची. काळा सूट, तोच असणार ज्यात तो चर्चमध्ये उभा राहायचा. उंच, हडकुळा, हात मांडीवर ठेवून बसलेला. पहिल्या भागात तो एकदाही हसला नव्हता.

दुसरा भाग कोटाच्या गाण्यानं सुरू झाला. ती गात होती आणि स्टेजच्या कडेच्या पियानोवरून मला दिसत होतं की तिचं निम्मं लक्ष पाचव्या रांगेत आहे. पहिलं बटण निघालं तेव्हा आक्सेलची मान खाली गेली. दुसऱ्याला त्यानं शेजारच्या म्हातारीकडं पाहिलं, ती पोट धरून हसत होती. मग मागं वळून पाहिलं. सगळा हॉल हसत होता. बायका, पुरुष, त्याच्याच गावचे, ज्यांच्या घरच्यांना त्यानं पुरलं होतं ते. तिसऱ्या कोटाला तोही हसला. आधी जरासा, मग खांदे हलवून.

गाणं संपलं, ती आत आली आणि टाळ्या सुरू झाल्या. आमच्याकडं लोकांना फार आवडलं की टाळ्या एका ठेक्यात येतात. दोनशे माणसं एकदम, ठाप, ठाप, ठाप. जमीन हलते. त्या ठेक्याचा अर्थ एकच, बाहेर ये. टोर्किल्ड विंगेत हात जोडून उभा होता, नको नको करत. विबेकेनंही मान हलवली, नाही म्हणून. मी पुढच्या प्रवेशाची पानं काढली.

मग तिनं फटीतून पाहिलं.

आक्सेल उभा होता. सगळे बसलेले आणि तो एकटा उभा, ते कुदळ धरून राठ झालेले हात डोक्यावर नेऊन ठेक्यात टाळ्या वाजवत होता. तोंडभर हसू. विबेकेनं आयुष्यात बापाला आपल्यासाठी टाळी वाजवताना पाहिलं नव्हतं. ती माझ्याकडं वळली, तिचा चेहरा पाहून मला कळलं आता ही जाणार, आणि ती गेली. टोर्किल्डनं कोट पकडला तर कोट त्याच्या हातात राहिला. दुसरा घालून गेली. काय करणार, मी वाजवलं. एकदा झालं, त्यांनी पुन्हा मागितलं, तिनं पुन्हा दिलं.

शेवटाकडं आलो तेव्हा टोर्किल्डनं विंगेतून मला खूण केली, गळ्यावरून हात फिरवून. मी चादरीच्या गाण्याची पानं उलटली आणि सरळ धमाल सुरू केली. विबेके विंगेत राखाडी झगा घालून तयार उभी होती. तिला माहीत होतं, तरी उभी होती.

बसच्या दारापर्यंत मीही गेले तिच्याबरोबर. ड्रायव्हर घाई करत होता. आक्सेल एक पाय पायरीवर ठेवून थांबला होता.

"तर हे ते गाणं," तो म्हणाला.

विबेकेनं अंगावरचा राखाडी झगा सारखा केला.

"तू दुःखी आहे म्हणाली होतीस. मी आपला मन घट्ट करून आलो होतो."

"बदललं बाबा. शेवटी बदललं."

"बरं केलंस, पोरी," तो म्हणाला. "रडायला घर आहेच की." आणि त्यानं तिच्या गालावर हात ठेवला, सगळ्या बससमोर. मग चढला.

ती तिथंच उभी राहिली, बस फेरीकडं वळेपर्यंत हात हलवत. मी म्हटलं, अगं फोनवर सांग त्याला, ते गाणं हे नव्हे. पुढच्या रविवारी शेवटचा खेळ आहे, मी गाडी घेऊन आणते त्याला. ती म्हणाली, ऑक्टोबरात बाबा ऐंशी वर्षांचे होतायत, तिथं गाईन. त्यांच्या गावी, त्यांच्या माणसांत. तिथं कोणाला फेरी गाठायची नाही. तू वाजवशील ना?

वाजवीन म्हटलं. तिनं बजावलं, फक्त तेच, दुसरं काहीही आणू नकोस. मी आणलंही नाही.

आक्सेलचा वाढदिवस चर्चच्या सभागृहात होता, दुपारच्या जेवणाला. टेबलांवर छोटे झेंडे, डुकराचं भाजलेलं मांस, लाल कोबी, आणि प्रत्येक नातलगानं उत्सवमूर्तीवर रचलेलं एकेक लांबलचक गाणं, जे आपण सगळ्यांनी कागद हातात धरून गायचं. चार भाच्या, चार गाणी. माझी बोटं दुखायला लागली. कॉफी आली आणि विबेकेनं माझ्याकडं पाहिलं. मी पानं लावली. तिनं साधा निळा झगा घातला होता आणि ती पियानोपाशी येऊन उभी राहिली.

तेवढ्यात आक्सेलनं चमच्यानं ग्लास वाजवला आणि उठला. सगळे चकित झाले. भाच्या एकमेकींकडं बघायला लागल्या, कारण या माणसानं आयुष्यात कधी भाषण केलेलं नव्हतं.

"मी बोलणारा माणूस नाही," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत आहे. वीस वर्षं मी दुकानात गेलो की तुमचं बोलणं थांबायचं. का थांबायचं ते मला कळायचं. तुम्ही चांगली माणसं, मला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसायचात. मीही गप्प बसायचो. हिच्याशीसुद्धा." त्यानं विबेकेकडं बोट केलं. "मग उन्हाळ्यात त्या बेटावर दोनशे माणसं त्यावरच मोठ्यानं हसली. आणि ही त्यांच्यासमोर उभी राहून हसत होती. ताठ उभी होती. तेव्हा वाटलं, आक्सेल, तिला लाज नाही वाटत, तर तू कसली घेऊन बसलायस?"

विबेकेनं पियानोची कड धरली होती.

"ते गाणं मी त्या दिवशी तीनदा ऐकून पाठ केलंय," म्हातारा म्हणाला. "खड्ड्यांवर गायलेला आवाज आहे, सांभाळून घ्या."

आणि त्यानं सुरू केलं. चर्चमधल्या त्या खर्जात, दोन्ही हात बाजूला ठेवून, स्तोत्र म्हणावं तसं, पान उलटा हो, पान उलटा. एकही शब्द चुकला नाही. दुसऱ्या धृपदाला भाच्यांनी सूर मिसळला, तिसऱ्याला सगळ्या सभागृहानं. टाळ्या ठेक्यात पडायला लागल्या. माझी बोटं आपोआप त्या चालीवर गेली, दुसरं करणार काय? आक्सेलनं लेकीकडं हात पुढं केला. विबेके हसली, गेली, त्याचा हात धरला आणि शेवटचं कडवं गायली, कोट नव्हता तरी बटणं काढायची नक्कल करून, डोळा मारून. म्हाताऱ्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसायचंही भान नव्हतं.

नंतर ती मला सभागृहाच्या स्वयंपाकघरात सापडली, भांडी धूत. यंत्र होतं तिथं, तरी हातानं. मी म्हटलं, सगळे अजून बसलेत. पानं माझ्याकडं आहेत, आत्ता गा. बापाचं मन किती मोठं झालंय, ऐकेल तो.

"आता कसं गाऊ, एल्सेबेथ?" ती म्हणाली. "चादरीचं गाणं मी गायले तर त्यांना कळेल की कोटाचं गाणं माझं नव्हतंच. मला लाज वाटत होती म्हणून केलेलं होतं ते. त्यांना वाटतंय मी ताठ उभी होते. त्यावर ते भाषण करायला उठले, अगं. बाबा उठले भाषण करायला."

मी म्हटलं, मग पुढच्या वर्षी रिव्ह्यूत तरी गा. ती म्हणाली, टोर्किल्डनं कालच कळवलंय, पुढच्या वर्षी कोटाचं गाणं हवंय, नवीन कडव्यांसकट. गंभीर गाणं त्यानं दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकलंय.

हॉलमधून आक्सेलची हाक आली. शेजारचे उशिरा पोचले होते, त्यांनी ऐकलं नव्हतं. "विबेके! बाळ, पुन्हा एकदा म्हण की ते आपलं गाणं."

"आले बाबा," ती म्हणाली. हात पुसले, केस सारखे केले आणि गेली. मीही गेले मागोमाग. वाजवायला दुसरं कोण होतं?